भिंतीवरचा महेश

समजा, तुमच्या हातात कॅमेरा आहे आणि समोर स्टुलावर विशीतला एक मुलगा बसला आहे. त्याचा फोटो काढायचा आहे, पण अर्जाला चिकटवण्यासाठी नाही. हा मुलगा कोण आहे, ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. तुम्ही म्हणता, "सैल बस." तो आणखी ताठ होतो. हनुवटी वर, दोन्ही कान दिसतील अशी मान, ओठ मिटलेले, नजर थेट भिंगात. तुम्ही म्हणता, "जरा खिडकीकडे बघ." तो बघतो आणि घाबरून विचारतो, "असा चालेल ना? ऑफिसात परत पाठवणार नाहीत ना?" आता काढा फोटो!

प्रतीक्षाच्या पुढ्यात असली मुलं रोज येऊन बसत. गोव्यात डिचोलीच्या बाजारात कृष्णनाथबाबांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे ती कामाला होती. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. स्टुडिओचा बिघडलेला फ्लॅश दुरुस्त करायला म्हणून एकदा आली, फ्लॅश दुरुस्त केला, मग प्रिंटर साफ केला, मग संगणकातला सगळा पसारा लावून दिला. कृष्णनाथबाब म्हणाले, "बाय, तू आतां घरां वचूंच नाका." तेव्हापासून ती तिथलीच झाली. तिचे वडील जयवंत गडहिंग्लजकडचे. लाटंबार्शाच्या बाजूला कारखान्यात काम मिळालं म्हणून आले आणि राहिले. प्रतीक्षाचं सगळं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. शाळेत भांडण झालं की समोरचा शेवटी "घाटी" म्हणायचा, आणि भांडण तिथेच संपायचं, कारण त्याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरायचं नाही.

स्टुलावर येऊन बसणारी मुलं तिच्यासारखीच होती. घाटावरच्या चंदगड, गडहिंग्लज, खानापूर अशा गावांची आडनावं आणि जन्म मात्र इथला. त्यांना फोटो सारखे लागत. भाडेकरू म्हणून पोलिसात नोंद करायला फोटो, ठेकेदाराच्या गेटपासला फोटो, रहिवासी दाखल्याला फोटो. खोली बदलली की पुन्हा फोटो. "एवढे फोटो तर सिनेमातल्या हिरोचे पण निघत नसतील," साईश म्हणायचा. साईश हंगामात मोरजीला समुद्रकाठच्या शॅकमध्ये वेटर असे आणि पावसाळ्यात मिळेल ते काम करी. शेजारणीने हौसेनं ठेवलेलं नाव इथलं, आडनाव चंदगडचं. दोन्ही एकदम उच्चारली की माणसं त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून बघत.

फोनमध्ये सेल्फी सगळ्यांच्याच होत्या, ढिगानं. पण प्रतीक्षाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. या सेल्फींत मागची खोली कधीच दिसत नसे. कुणाच्या तरी गाडीजवळ, किल्ल्यावर, मॉलच्या काचेपुढे. राहती जागा सोडून सगळीकडे. तिनं ठरवलं की आपण त्यांचे फोटो जिथं ती राहतात, राबतात तिथंच काढायचे. ती जे चौकटीबाहेर ठेवतात ते चौकटीत घ्यायचं.

वर्षभर सुटीच्या दिवशी ती कॅमेरा घेऊन हिंडली. म्हापशाच्या ब्युटी पार्लरमध्ये काम करणारी अंकिता तिला बसस्टँडवर सापडली, पेडण्याच्या बसची वाट बघत, हातातल्या छोट्या आरशात बघून कोकणी हेल पक्का करताना. साईश तिनं जूनमध्ये टिपला. मोडलेल्या शॅकच्या उरलेल्या बांबूंवर एकटा बसलेला, अंगात अजून हॉटेलचा शर्ट. असे बरेच. पण तिचा सगळा जीव अडकला होता महेशच्या फोटोत.

महेश शाळेपासूनचा मित्र. फिटरचं शिक्षण झालेलं, काम मात्र ठेकेदाराकडे हेल्परचं. जन्म इथल्याच अस्नोड्याचा. कोकणी अशी बोले की घरमालकाच्या मुलांनी त्याच्याकडून शिकावं. पण सरकारी नोकरीच्या अर्जाला इथं पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, आणि तो मागायला गेलं की विचारतात, कुठे राहिलात त्याचे पुरावे आणा. दर अकरा महिन्यांनी खोली बदललेली. कुणा मालकाला भाड्याचा लेखी करार नको होता. पुरावे कुठून आणणार? राहिला मात्र तो इथेच होता, एकही दिवस चुकवला नव्हता.

फोटो खोली बदलण्याच्या दिवसाचा होता. टेंपोत पेट्या, गॅस, गादीची वळकटी. पुढे महेश उभा, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरून. टॉवेलच्या एका बाजूनं काळ्या फ्रेमचा कोपरा दिसत होता. तो त्याच्या वडिलांचा फोटो. वडील गवंडी होते, परांचीवरून पडून गेले. त्यांच्या एका जुन्या पासपोर्ट फोटोवरून कृष्णनाथबाबांनीच तो मोठा करून दिला होता. बाकीचं सामान टेंपोतून जाई. वडील कधी टेंपोत बसत नसत, ते महेशच्या काखेतून जात.

"हा फोटो लोकांनी बघितला पाहिजे," प्रतीक्षा महेशला म्हणाली.

"कोण बघणार गो? आमका रोज बघतातच की."

"बघत नाहीत. म्हणून तर."

महेशनं फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाला, "लाव. पण खाली लिही, जन्म अस्नोडा. वर्ष पण लिही. म्हणजे हिशेब त्यांचा त्यांनी करावा."

कृष्णनाथबाब गावातल्या वाचनालयाच्या कमिटीवर होते. त्यांनी वरचा हॉल एका रविवारपुरता मिळवून दिला. कारखान्याला सुटी, बाजाराला गर्दी, म्हणजे दोन्हीकडची माणसं येणार. प्रतीक्षानं फोटो निवडले. रंग काढून टाकून काळे-पांढरे केले, कारण गंभीर कामाचे फोटो असेच असतात असं तिनं पाहिलं होतं. आकार बारा बाय अठरा इंच. स्टुडिओत "मोठा फोटो" म्हणजे हाच. विठ्ठल फ्रेमवाल्यानं काळ्या पट्टीच्या, आतून बारीक सोनेरी रेघ असलेल्या फ्रेमा करून दिल्या, काच पुसून चकचकीत. प्रत्येकाखाली तिनं महेशच्या म्हणण्याप्रमाणे पट्टी लावली: नाव, जन्माचं वर्ष, गाव. शनिवारी संध्याकाळी तिघांनी मिळून ते टांगले. विठ्ठल मागे सरकून म्हणाला, "झकास!" कृष्णनाथबाबांनी एक फ्रेम तिरकी होती ती सरळ केली. तिघंही खुशीत घरी गेले.

रविवारी पहिले आले ते पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर. वर काय आहे म्हणून जिना चढले. दारातच थांबले, चपला काढल्या. अंकितासमोर उभे राहिले, साईशसमोर उभे राहिले, मग हात जोडले. प्रतीक्षा पुढे झाली तसे हळू आवाजात म्हणाले, "खूप वाईट झालं गो. बस पडली काय?"

"कुठली बस?" प्रतीक्षानं विचारलं.

"मग एकदम इतकी पोरं..."

तिला काहीच कळेना. मास्तरही गोंधळले. इतक्यात साईश मागून आला आणि मास्तरांच्या शेजारी उभा राहून स्वतःचा फोटो बघू लागला. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि "अरे देवा" म्हणून चपला पायात न घालता हातात घेऊन खाली गेले.

साईश हसून हसून वाकला. प्रतीक्षा मात्र हसली नाही. तिनं हळूहळू मान वळवून भिंत पाहिली. काळ्या फ्रेमा. काळे-पांढरे चेहरे. खाली नाव, जन्माचं वर्ष. आणि प्रत्येक फ्रेमच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना विठ्ठलनं हाताच्या सवयीनं लावलेले छोटे पितळी हूक, हार अडकवायचे.

आता काय करायचं याचा विचार तिनं सुरू करायच्या आतच हौसामावशी जिना चढून आली. महेशची आई. काजूच्या कारखान्यात बिया फोडायचं काम करणारी, तेलानं बोटं कायमची काळी पडलेली. लेकाचा फोटो लागलाय म्हणून नवं लुगडं नेसून आली होती. मागे महेश होता. ती हॉलच्या मधोमध आली, समोर बघितलं आणि थबकली.

"ह्यो कुणी लावला?"

"मावशी, मी..."

"उतर."

"मावशी, ऐका तरी. हे प्रदर्शन आहे. सगळ्यांचेच..."

"सगळ्यांचं त्यांच्या आयांनी बघावं. माझा उतर. जिता हाय माझा ल्योक. हितं उभा हाय बघ, आन् तू त्याला भित्तीवर टांगलास? डोसकं फिरलंय व्हय तुझं?"

"आई, अगं, माणसं बघतायत," महेश पुटपुटला.

"बघू देत! तू गप. तुला बी कळंना? तुझ्या बापाची फ्रेम वळखू येत न्हाय तुला?"

महेशनं वर पाहिलं. हौसामावशीनं स्वतःच खुर्ची ओढली, तिच्यावर चढली, फोटो खिळ्यावरून उतरवला, पदरानं झाकला आणि जिना उतरून गेली. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

अर्ध्या तासात अंकिताच्या आईचा फोन आला. मग आणखी एकीचा. कारखान्याच्या बाजूच्या खोल्यांमधून बातमी पसरत होती की स्टुडिओतल्या पोरीनं आपली पोरं मारून टाकली. साईश म्हणाला, "माझा राहू दे, फक्त हार ताजा आण." कुणी हसलं नाही.

कृष्णनाथबाब धापा टाकत वर आले, सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली आणि टेबलावर टेकले. "चुकलं गो बाय आमचं. आमच्या हातातून मोठो फोटो जातो तो गेलेल्याचोच. बघून बघून आमकां तें दिसूंकच ना." विठ्ठल नुसता हूक चाचपत उभा होता.

प्रतीक्षाला आधी रागच आला. आयुष्यभर ही मुलं कुणाला दिसली नाहीत. आज एक दिवस दिसणार होती, तर त्यांच्याच आया त्यांना झाकून घेऊन चालल्या. हॉल संध्याकाळपर्यंतच होता. पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. आणि महेशचा फोटो नसेल तर बाकीचं दाखवून काय करायचं? तिनं स्कूटर काढली.

हौसामावशीची नवी खोली घरमालकाच्या मागच्या अंगणात, एका ओळीतली शेवटची. दार उघडंच होतं. महेशचा फोटो खाटेवर ठेवलेला, वर स्वच्छ पंचा पसरलेला. पालथा घालणं मावशीला बरं वाटलं नसावं. मावशी चहाला आधण ठेवत होती. तिनं वळून न बघता विचारलं, "भांडायला आलीस?"

"आले होते," प्रतीक्षा म्हणाली.

आले होते असं ती म्हणाली, कारण तेवढ्यात तिला समोर महेशचे वडील दिसले होते. पिठाच्या डब्यावर उभे. घसरू नयेत म्हणून पुढे तांदळाची पिशवी लावलेली. मागे मालकाची कोरी, पांढरी भिंत.

"यांना खाली का ठेवलंय?"

"खिळा मारायचा न्हाय म्हणत्यात."

"इथे?"

"हितं, त्याच्या आधी, त्याच्या आधी. सगळीकडं. नवी खोली बघाया गेले की मी पयलं त्येच इचारते. पाण्याचं मागनं. एक खिळा मारू का, म्हणते. न्हाय म्हणत्यात. भोकं पडत्यात म्हणं." तिनं चहा गाळला, एक कप प्रतीक्षाच्या हातात दिला. "ह्यांनी भित्ती बांधल्या हितं. आन् गेल्यापास्नं ह्यांना भित मिळंना. डब्यावरच हाईत. आज वर आले तर काय बघते? एवढी मोठी भित, मधोमध खिळा, आन् त्येच्यावर माझा जिता ल्योक."

प्रतीक्षा चहाचा कप हातात धरून बसली. इतक्या वेळा ती या बिऱ्हाडाचं सामान हलवायला आली होती, फोटो काढले होते, टॉवेलमधला तो कोपरा किती जपून चौकटीत आणला होता. त्या फ्रेमला पुढे कुठे जागा मिळते, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

मग ती म्हणाली, "मावशी, फ्रेम काढून टाकली तर?"

मावशी उठली, भाजी चिरायची सुरी आणली, पंचा बाजूला केला आणि फ्रेमच्या मागचे बारीक खिळे एकेक करून उचकटले. पुठ्ठा निघाला, काच निघाली. नुसता कागद हातात घेऊन ती दारातल्या उजेडात गेली.

"त्या दिवशीचा व्हय ह्यो," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "कसा धरलाय बघ बापाला. ल्हान पोर काखंत धरल्यागत."

"हेच दाखवायचं होतं मला."

"मग हातात दे की लोकांच्या. आमच्यात लगीन झालं की फोटू असंच बघत्यात, ह्या हातातनं त्या हातात. काच लागली की मला न्हाय सोसत." मग फोटो परत देताना ती जराशी घुटमळली. "तितला खिळा रिकामाच हाय न्हवं?"

"आहे."

मावशीनं पिठाच्या डब्याकडे बघितलं. "सांजेपातूर चालंल?"

महेशचा तोच टॉवेल बाहेर आला. स्कूटरवर मागे हौसामावशी बसली आणि दोघींच्या मधे, घट्ट, महेशचे वडील.

हॉलमध्ये तोवर कृष्णनाथबाबांनी भिंत रिकामी केली होती. प्रतीक्षानं काय ते सांगितल्यावर विठ्ठल खाली बसून मुकाट्यानं फ्रेमा सोडवू लागला. टेबलं जोडून वर वाचनालयाची स्वच्छ चादर घातली, तिच्यावर फोटो मांडले, भोवती खुर्च्या ठेवल्या. आणि भिंतीवर, मधल्या त्या एका खिळ्यावर, महेशनं वडिलांना टांगलं. कृष्णनाथबाबांनी बाजारातून अबोलीचा वळेसर, दोऱ्यात गुंफलेला गजरा, मागवला होता. तो मावशीनं स्वतः हुकांना अडकवला, मागे सरकली, फोटो सरळ आहे का ते पाहिलं आणि खाली जाऊन बसली.

दुपारनंतर माणसं येऊ लागली. आता कुणी चपला काढून हात जोडून उभं राहत नव्हतं. लोक बसत, फोटो उचलत, शेजारच्याला देत, चष्मा काढून जवळ नेऊन बघत. साईश आणि अंकिता टेबलाशीच बसली होती. फोटोतला मुलगा समोरच सापडला की बघणारे दचकत आणि मग बोलू लागत. "हे जूनमध्ये काय? मग चार महिने करतोस काय तू?" "जें मिळता तें." अंकिताच्या आईनं फोटो मागून नेण्याऐवजी तिथेच बसून मुलीचा फोटो येणाऱ्या प्रत्येकीला दाखवला, बटण तुटलेलं दिसतंय अशी तक्रार करत करत.

नीटनेटकं पातळ नेसलेल्या एक बाई महेशचा फोटो हातात घेऊन बसल्या. "हें कितें रे काखेत?" त्यांनी विचारलं.

"पप्पा," महेश म्हणाला आणि भिंतीकडे बोट केलं.

बाईंनी वर पाहिलं. "घरात खंय लावतात तुम्ही त्यांका?"

महेशनं खिळ्याचं सांगितलं. अगदी साधेपणानं, तक्रार नसल्यासारखं. बाईंनी फोटो खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "माझ्यापण चार खोल्या आहेत," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "मीपण नको म्हणते. पावसात भोकांतून ओल येते रे, म्हणून." महेश म्हणाला, "येता, बरोबर." पण बाई बराच वेळ उठल्या नाहीत.

संध्याकाळी मावशीनं वळेसर उतरवला, महेशनं फ्रेम टॉवेलमध्ये गुंडाळली. प्रतीक्षानं फोटो गोळा केले. सगळ्यांच्या कडांवर बोटांचे ठसे उठले होते. महेशच्या फोटोवर, खालच्या पांढऱ्या पट्टीत, एक काळसर अंगठा होता, काजूच्या तेलाचा. तो पुसायला तिनं कापड घेतलं आणि तसंच बाजूला ठेवलं.

पुढच्या आठवड्यात हौसामावशी स्टुडिओत आली. स्टुलावर बसली, आपोआप हनुवटी वर केली, मग हसून खाली केली. "माझा न्हाय काढायचा. महेशचा त्यो एक दे मला. घरात ठेवाया."

"देते की. केवढा करू?"

"ल्हान नको. त्ये अर्जावर चिकटवायचं झालं." मावशीनं हवेत दोन हातांनी चौकोन केला, तो मोठा झालासा वाटून आवळला, पुन्हा थोडा सैल केला. "आन् तेवढा मोठा बी नको बाई." हात तसेच हवेत धरून ती प्रतीक्षाकडे बघत राहिली.

प्रतीक्षानं कृष्णनाथबाबांकडे पाहिलं. ते पडद्यापुढे उभ्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला कान दिसू दे म्हणून सांगत होते. त्यांनी नुसते खांदे उडवले. संगणकावर आकाराचा रकाना रिकामा उघडा होता. इतकी वर्षं त्यात तिनं दोनच आकार घातले होते, एक अर्जावरचा, एक हाराखालचा. या दोहोंच्या मधे, जिवंत असलेल्या, इथंच जन्मलेल्या एका मुलाचा फोटो नेमका केवढा असायला हवा?